फोटोंचे डुप्लिकेट काढायला बसताय? आधी ओरिजिनल कुठला ते ठरवा

आमच्याकडे गणपती बसतो तो गेली कित्येक वर्षं हॉलच्या त्याच कोपऱ्यात, मागे तोच मरून पडदा, बाजूला त्याच दोन समया, आणि फोटो काढणारा पण मीच, सोफ्याच्या त्याच हातावर कोपर टेकवून. त्यामुळे मी डुप्लिकेट शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं तेव्हा त्याने २०१७ चा बाप्पा आणि २०१८ चा बाप्पा एकाच ग्रुपमध्ये टाकला आणि विचारलं, हे दोन्ही सेम दिसतायत, एक उडवू का? त्याला तरी काय बोलणार, मलाच फरक शोधायला अर्धा मिनिट लागला. २०१८ ला राज्यात थर्माकोलवर बंदी आली म्हणून त्या वर्षी मखर पुठ्ठ्याचं होतं, तेवढाच काय तो फरक.

सांगायचा मुद्दा, डुप्लिकेट काढणं हे एक बटण दाबायचं काम नाहीये. माझ्याकडे चार फोन, दोन जुने लॅपटॉप, एक बंद पडलेला डेस्कटॉप, लग्नाच्या सीड्या आणि आईचा मोबाइल असं सगळं मिळून ८३ हजार फाइली होत्या, चारशे जीबीच्या वर. दोन महिने रोज रात्री जेवण झाल्यावर थोडं थोडं करत ते ५० हजारांवर आणलं. त्यात ज्या चुका केल्या आणि जे जमलं ते सांगतो, ज्यांना करायचंय त्यांनी याच क्रमाने करा. क्रम चुकला की वाट लागते.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं सगळं एवढं ठासून का सांगतोय ते कळेल.

आजीचा एक फोटो होता, २०१९ चा. गावच्या घरी ओटीवर बसून वाल सोलतेय, मांडीवर परात, सालींचा ढीग एका बाजूला, चष्मा नाकावर घसरलेला आणि कोणीतरी काहीतरी बोललं म्हणून अर्धवट हसलेली. मोबाइलवरच काढलेला, ४००० बाय ३००० पिक्सेल (फोटो ज्यांचा बनतो ते ठिपके), साडेचार एमबी. तो मी तेव्हाच फॅमिली ग्रुपवर टाकला आणि तिथून बाबांच्या फोनमध्ये एक प्रत उतरली, १६०० बाय १२००, जेमतेम दोनशे केबी. पुढे २०२१ मध्ये मी ओरिजिनल थोडा तिरका होता म्हणून सरळ करून सेव्ह केला. मग एका रविवारी जोशात येऊन साफसफाईला बसलो आणि सॉफ्टवेअरला सांगितलं, प्रत्येक ग्रुपमधली सगळ्यात जुनी ठेव, बाकीच्या उडव. माझा हिशोब सरळ होता की जुनी ती ओरिजिनल. पण सॉफ्टवेअर जुनं-नवं बघतं ते फाइल शेवटची कधी बदलली त्या तारखेवरून, फोटो कधी काढला त्यावरून नाही. मी सरळ करून सेव्ह केल्यामुळे ओरिजिनल झाला २०२१ चा, आणि ग्रुपवरून आलेला बारका राहिला २०१९ चा. उडाला ओरिजिनल, आणि मला पत्ताच नाही.

कळलं कधी, तर आजी गेली आणि फ्रेमसाठी फोटो घेऊन स्टुडिओत गेलो तेव्हा. ८ बाय १२ ची प्रिंट हवी होती. तिथल्या पोराने स्क्रीनवर झूम केलं आणि म्हणाला, "दादा, हा फाटणार. मोठा नाहीये का?" प्रिंट चांगली यायची तर इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे ८ बाय १२ ला २४०० बाय ३६०० लागतात, आणि माझ्या हातात होता १६०० बाय १२००, म्हणजे जेमतेम पोस्टकार्डाएवढा. शेवटी मोठा फोटो सापडला तो आतेभावाकडे, त्याला मी कधीकाळी पेनड्राइव्हवर सगळं फोल्डरच दिलं होतं. आत्याच्या घरच्या कपाटात ती पेनड्राइव्ह नसती तर संपलं होतं.

तर तेव्हापासून माझा नियम एकच, काय काढायचं हे ठरवायचं नाही, काय ठेवायचं ते ठरवायचं. बाकी सगळं त्यातून आपोआप येतं.

आधी नळ बंद करा

नळ चालू ठेवून लादी पुसण्यात अर्थ नाही. व्हॉट्सअपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा म्हणून आहे, तिथे मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा, आणि आईबाबांच्या फोनमध्ये तर सगळ्यात आधी. चॅट्सच्या सेटिंगमध्ये मीडिया व्हिजिबिलिटी बंद केलीत की नवीन आलेले फोटो गॅलरीत दिसणंही थांबतं. तिथेच स्टोरेजमध्ये मॅनेज स्टोरेज उघडलं की बऱ्याच वेळा फॉरवर्ड झालेल्या गोष्टी वेगळ्या काढून दाखवतं. बाबांच्या फोनमध्ये तिथे गुलाबाच्या फुलावरचे शुभ सकाळ, श्री स्वामी समर्थ, संकष्टीचा चंद्रोदय आणि राजकारणाचे व्हिडिओ मिळून अकरा जीबी निघालं. हे डुप्लिकेट नाही, कचरा आहे, आणि हा आधीच काढला की पुढचं काम निम्मं होतं. फक्त काढताना शेजारी बसून विचारून काढा, बाबांना त्यातले तीन सुविचार ठेवायचे होते, ठेवले.

मग सगळं एका जागी आणा. एक मोठी एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या, त्यात जिथून आणलंय त्या नावाचं एक एक फोल्डर करा, आईचा फोन, जुना डेस्कटॉप, लग्नाची सीडी, दादाची पेनड्राइव्ह, असं. आत्ता काही लावायला जाऊ नका, वर्षावार-प्रसंगावार वगैरे डोक्यातून काढा, नाहीतर पहिल्याच फोल्डरमध्ये जुने फोटो बघत बसाल आणि रात्रीचे दोन वाजतील. कॉपी करायचं, कट नाही. कट करताना मध्येच वायर हलली तर इकडेही नाही आणि तिकडेही नाही अशी गत होते.

सगळं आलं की त्या अख्ख्या डिस्कची अजून एका डिस्कवर कॉपी मारा आणि ती डिस्क कपाटात ठेवून द्या, कुलूप लावा वाटल्यास. काम संपेपर्यंत तिला हात नाही. लोकं म्हणतात क्लाउडवर आहे की सगळं, पण क्लाउड म्हणजे बॅकअप नव्हे जर तुम्ही फोनवर डिलीट केल्यावर तिथलंही जात असेल तर. जाणकार लोक ३-२-१ चा नियम सांगतात, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. माझ्याबाबतीत घराबाहेरची म्हणजे आत्याच्या कपाटातली पेनड्राइव्ह.

दोन प्रकारचे डुप्लिकेट असतात, आणि त्यांची औषधं वेगळी

पहिला प्रकार, अगदी सेम. फाइल जशीच्या तशी कॉपी झालेली, नाव वेगळं असेल पण आतला माल शून्य फरकाचा. हे ओळखायला सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलचा हॅश काढतं, म्हणजे समजा कागदावर अंगठा उठवतात तसा त्या फाइलचा ठसा. शा-२५६ नावाची पद्धत घेतली तर ६४ अक्षरांचा ठसा येतो, आणि फाइलमध्ये एक कण जरी बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा. म्हणून दोन ठसे जुळले की डोळे मिटून सेम समजा, इथे शंका घ्यायची गरज नाही.

दुसरा प्रकार, दिसायला सेम. तोच फोटो पण ग्रुपवरून येताना दाबला गेलेला, किंवा कापलेला, किंवा ब्राइटनेस वाढवलेला, किंवा लागोपाठ काढलेल्या चौदा फोटोंपैकी एक. इथे अंगठ्याचा ठसा चालत नाही, कारण फाइल म्हणून ते वेगळेच आहेत. इथे सॉफ्टवेअर चेहरामोहरा बघतं. त्यातली एक साधी पद्धत अशी की फोटो एकदम बारका करायचा, ९ आडवे आणि ८ उभे ठिपके, काळापांढरा, आणि प्रत्येक ठिपका शेजारच्यापेक्षा उजळ आहे की गडद एवढंच लिहून ठेवायचं. झाली ६४ हो-नाहींची यादी. दोन फोटोंच्या याद्या शेजारी ठेवायच्या आणि किती ठिकाणी फरक आहे ते मोजायचं. फरक कमी म्हणजे फोटो सारखे. आता कळलं ना आमचा गणपती का फसला? एवढ्याशा बारक्या चित्रात मखर थर्माकोलचं की पुठ्ठ्याचं हे दिसणारच नाही, दिसतो तो गडद पडदा, मध्ये उजळ मूर्ती, दोन बाजूंना दोन समया.

आणि याच कारणाने कागदांचे फोटो या पद्धतीत हमखास एकत्र येतात. रेशनकार्ड, लाइटबिल, शाळेचा दाखला, सातबारा, सगळेच पांढऱ्यावर काळ्या ओळी. माझ्याकडे एका ग्रुपमध्ये ३१ फोटो आले आणि ३१ ही वेगळे कागद होते. म्हणून चेहरामोहऱ्याची फेरी सुरू करायच्या आधी कागदपत्रं आणि स्क्रीनशॉट वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, हे मी फार उशिरा शिकलो. तसंच जुने अल्बम स्कॅन केले असतील तर फोटोच्या मागची बाजू पण स्कॅन केलेली असते, आजोबांच्या अक्षरात तारीख नि नावं लिहिलेली, ती सगळी पिवळट पांढरी पानं सॉफ्टवेअरला एकच वाटतात. ती गेली तर समोरच्या फोटोतलं कोण कोण आहे ते सांगणारा आता कोणी उरलेला नाही.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं

फुकटातली चांगली आहेत, पैसे देऊ नका. मी दोन वापरली. एक डूपगुरू, दिसायला जुनाट पण सरळ, त्यात फोटोंसाठी वेगळा मोड आहे. दुसरं च्कावका, पोलिश शब्द आहे, अर्थ उचकी, आणि नाव घेताना पण उचकीच लागते. हे फार फास्ट आहे, माझ्या सहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर ८३ हजार फाइली चहा होईपर्यंत चाळून झाल्या (अगदी सेमवाली फेरी, दिसायला सेमवालीला मात्र रात्रभर लावून ठेवलं). दोन्ही ओपन सोर्स, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतात. फोटो सांभाळायचंच मोठं सॉफ्टवेअर हवं असेल तर डिजिकॅममध्ये पण सारखे फोटो शोधायची सोय आहे, पण ते शिकायला वेळ द्यावा लागतो. प्ले स्टोअरवरची डुप्लिकेट क्लीनर छाप अ‍ॅप्स मात्र टाळा, निम्म्या जाहिराती आणि एका बटणात सगळं साफ म्हणतात, त्या एका बटणाचीच भीती आहे.

दोन्हींमध्ये एक गोष्ट आहे जी बहुतेक लोक बघतच नाहीत, रेफरन्स फोल्डर. म्हणजे तुम्ही सांगायचं की हे फोल्डर माझं पक्कं आहे, याच्यातलं काही काढायचं नाही, याच्याशी जुळणारं बाकीकडे काय आहे ते दाखव. माझा कॅमेऱ्यातून थेट उतरवलेला फोल्डर मी रेफरन्स केला आणि तिथून पुढे झोप शांत लागायला लागली. काय ठेवायचं ते आधी ठरवा म्हटलं ना, ते मशीनला सांगायची जागा हीच.

पहिली फेरी, अगदी सेम

ही फेरी सोपी. स्कॅन लावा, ग्रुप येतील, प्रत्येकातला एक ठेवून बाकीचे निवडा. एकच सांगतो, नावावर जाऊ नका, दोन्ही बाजूंनी. फाइलच्या नावापुढे कंसात १ आहे किंवा कॉपी लिहिलंय म्हणून ती डुप्लिकेटच असेल असं नाही, कारण त्या फोल्डरमध्ये त्याच नावाचा दुसराच फोटो असेल तरी विंडोज कंसात नंबर टाकतं. आणि नाव सेम आहे म्हणून फोटो सेम असंही नाही, कॅमेऱ्याचा नंबर ९९९९ झाला की परत पहिल्यापासून सुरू होतो, त्यामुळे माझ्याकडे ००४७ नंबरचे तीन फोटो आहेत, एक महाबळेश्वर, एक भाचीचं बारसं आणि एक चुकून काढलेला स्वतःचा बूट.

प्रतींपैकी कुठली ठेवायची तर जी नीट नावाच्या फोल्डरमध्ये आहे ती. सगळ्या सेमच असल्यामुळे क्वालिटीचा प्रश्न नाही, पण "कोकण ट्रिप मे २०१४" मधली काढून "न्यू फोल्डर ३" मधली ठेवलीत तर फोटो राहिला आणि त्याची ओळख गेली. मी ही चूक दीडशे फोटोंवर केली आणि मग तारखा बघून परत लावत बसलो.

ज्यांनी गूगल फोटोजवरून टेकआउट करून सगळं उतरवलंय त्यांना या फेरीत डुप्लिकेटचा डोंगर दिसेल, घाबरू नका. टेकआउट फोटो वर्षाच्या फोल्डरमध्ये देतं आणि तोच फोटो एखाद्या अल्बममध्ये असेल तर अल्बमच्या फोल्डरमध्ये पुन्हा देतं. वर प्रत्येक फोटोबरोबर जेसन नावाची बारकी फाइल असते ज्यात तारीख, जागा, तुम्ही लिहिलेलं वर्णन असतं. ती कचरा समजून उडवू नका, निदान तारखा जाग्यावर बसेपर्यंत तरी.

आणि जुन्या डेस्कटॉपवर पिकासा वापरलेलं असेल, आपल्याकडे एकेकाळी घरोघरी होतं, गूगलने २०१६ मध्ये बंद केलं, तर पिकासाओरिजिनल्स नावाचं लपलेलं फोल्डर सापडेल. पिकासामध्ये फोटोला रंगरंगोटी करून सेव्ह केलं की जुना न बदललेला फोटो ते तिथे ठेवायचं. लपलेलं फोल्डर दिसलं की लोकांना वाटतं सिस्टीमचं काहीतरी असेल, मारा डिलीट. तिथे खरे ओरिजिनल आहेत.

दुसरी फेरी, दिसायला सेम

इथे वेळ जातो, आणि जायलाच पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये किती सारखं असलं की सारखं म्हणायचं याची पट्टी असते, ती पहिल्यांदा अगदी कडक ठेवा. कडक पट्टीवर बहुतेक करून ग्रुपवरून आलेल्या दाबलेल्या प्रती सापडतात, त्या निस्तरा, मग पट्टी एक घर सैल करा, परत बघा. जिथे २०१७ आणि २०१८ चे गणपती एकत्र यायला लागतील तिथे थांबा.

ओरिजिनल ओळखायचा कसा, तर मी असं बघतो. आधी पिक्सेल, ४००० बाय ३००० आणि १६०० बाय १२०० मध्ये प्रश्नच नाही. पिक्सेल सारखे असतील तर एक्झिफ, म्हणजे कॅमेरा फोटोच्या आतच लिहून ठेवतो ती माहिती, कुठला कॅमेरा, कधी काढला, कधी कधी कुठे काढला ते पण. व्हॉट्सअपवरून साधा फोटो पाठवला की ही माहिती गळून पडते, त्यामुळे ज्यात कॅमेऱ्याचं नाव आणि तारीख आहे तो ओरिजिनलच्या जवळचा. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथे दिसतं. आणि शेवटी फाइलची साइज.

साइज शेवटी का, कारण मोठी फाइल ती चांगली हे खरं नाही. आयफोनवाले बघा, २०१७ मध्ये आयओएस ११ आल्यापासून आयफोन फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात ठेवतो, ती फाइल तशाच जेपीजीच्या (नेहमीच्या फोटो फाइलच्या) साधारण निम्म्या आकाराची असते. कॉम्प्युटरवर घेताना त्याचं जेपीजी झालं असेल तर जेपीजी मोठी दिसेल पण ओरिजिनल बारकी एचईआयसीच आहे. फोटोचा स्क्रीनशॉट काढलेला असेल तर तो बहुतेक वेळा पीएनजी असतो आणि बरेचदा ओरिजिनलपेक्षा जड. एखाद्या एडिटिंग अ‍ॅपने फुल क्वालिटीला सेव्ह केलेली प्रतही तशीच फुगते. ज्याने "सगळ्यात मोठी ठेव" हे बटण दाबलं त्याच्याकडे स्क्रीनशॉट उरतात.

अँड्रॉइडवर व्हॉट्सअपच्या फाइली नावावरून ओळखता येतात, नावात तारीख असते आणि पुढे डब्ल्यूए आणि नंबर. ही तारीख फोटो काढल्याची नाही, तो तुमच्याकडे आला त्या दिवसाची. मावशीने २०२० च्या लॉकडाऊनमध्ये १९८८ च्या लग्नाचे फोटो टाकले असतील तर नावात २०२० च. आणि एक महत्त्वाचं, डब्ल्यूए दिसलं की डिलीट असं करू नका. ओरिजिनल कुठेच नाही अशा फोटोंसाठी ती दाबलेली प्रतच आता ओरिजिनल आहे. माझ्या भावाच्या कॉलेजचे सगळे फोटो असेच उरलेत, त्याचा फोन लोकलमध्ये चोरीला गेला तेव्हापासून. इथून पुढे कोणाला चांगला फोटो पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जसाच्या तसा जातो. एचडीचं बटण २०२३ पासून आहे, ते साध्यापेक्षा बरं, पण जसंच्या तसं नव्हे.

काही जोड्या तोडायच्या नसतात, त्या डुप्लिकेट वाटल्या तरी. कॅमेऱ्यात रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) आणि जेपीजी दोन्ही ठेवत असाल तर ती जोडी. आयफोनच्या लाइव्ह फोटोत एक फोटो आणि त्याच नावाचा तीनेक सेकंदांचा व्हिडिओ, ती जोडी. एडिट केलेला आणि न केलेला, ही पण जोडीच, भले तुम्हाला आज न केलेला आवडत नसेल. आज ज्या फिल्टरवर आपण खूश आहोत त्याची पाच वर्षांनी लाज वाटते, माझे २०१२ चे सगळे फोटो तपकिरी आहेत.

मग राहतात ते लागोपाठ काढलेले. इथे सॉफ्टवेअर हात टेकतं आणि माणूस लागतो. लग्नात फोटोग्राफरने सप्तपदीचे पस्तीस फोटो काढलेत, कुणाचे डोळे मिटलेत, कुणाचा मुंडावळ्यांनी चेहरा झाकलाय, कुठे गुरुजीच मध्ये आलेत. मी दोन-तीन ठेवतो. पण हे मी एकट्याने करत नाही, आईला शेजारी बसवतो. कारण मी जो धूसर म्हणून उडवणार होतो त्यात मागे कोपऱ्यात खुर्चीवर मोठे काका बसलेले होते, आणि आई म्हणाली, अरे हा त्यांचा शेवटचा फोटो असेल. मला ते दिसलेच नव्हते. मी नवरा-नवरी बघत होतो, आई मागची माणसं बघत होती.

डिलीट नाही, हलवा

निवडून झालं की डिलीटच्या बटणाकडे जाऊ नका. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये निवडलेल्या फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायची सोय आहे. मी "जाऊद्या" नावाचं फोल्डर केलंय, सगळं तिथे जातं आणि दोन-तीन महिने पडून राहतं. जमलं तर हलवताना जुन्या फोल्डरची रचना तशीच ठेवा, म्हणजे परत आणायचं झालं तर कुठून आलं ते कळतं. रिसायकल बिनवर भरवसा ठेवू नका, घरच्या नेटवर्कवरच्या डिस्कवरून उडवलेली फाइल तुमच्या कॉम्प्युटरच्या बिनमध्ये येतच नाही, ती गेली ती गेली.

फोनवर करणार असाल तर अजून जपून. आयफोनमध्ये आयओएस १६ पासून फोटोजमध्ये डुप्लिकेट्स नावाचा अल्बम आपोआप तयार होतो, तिथे मर्ज केलं की चांगल्या क्वालिटीची प्रत राहते आणि बाकीची माहिती तिच्यात घेतली जाते, काढलेली प्रत ३० दिवस रिसेंटली डिलीटेडमध्ये असते. हे मला आवडलं, आईच्या बहिणीला फोनवर सांगून सुद्धा करवून घेता आलं. अँड्रॉइडवर फाइल्स बाय गूगल हे अ‍ॅप डुप्लिकेट दाखवतं, पण बघून, मोजून काढा. आणि गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना डिलीट मारलंत तर फोनमधूनही जातं आणि क्लाउडवरूनही, ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतं, मग संपलं. फोनमधली जागाच रिकामी करायची असेल तर त्यासाठी फ्री अप स्पेस वेगळं आहे, ते फक्त फोनमधली प्रत काढतं. या दोनमध्ये गल्लत करून आमच्या शेजारच्या वहिनींनी मुलाच्या पहिल्या वर्षाचे फोटो जवळजवळ घालवलेच होते, ५२ व्या दिवशी आठवलं म्हणून वाचले. तसंही १ जून २०२१ नंतर टाकलेलं सगळं गूगलच्या त्या फुकट १५ जीबीमध्ये मोजलं जातं, तेव्हा क्लाउडवरही डुप्लिकेट ठेवणं आता फुकट राहिलेलं नाही.

परत होऊ नये म्हणून

फोटो आत यायचा दरवाजा एकच ठेवा. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांचे फोन वायरने जोडतो, "आलेले" नावाच्या फोल्डरमध्ये कॉपी करतो, त्यावर च्कावका फिरवतो, मुख्य फोल्डर रेफरन्सला ठेवून, आणि जे नवीन तेवढंच आत घेतो. वीस मिनिटांचं काम. नावं देण्यासाठी एक्झिफटूल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, फिल हार्वी नावाच्या माणसाने बनवलेलं, ते फोटोच्या आतली तारीख वाचून फाइलला वर्ष-महिना-दिवस-वेळ असं नाव देतं आणि वर्षावार फोल्डरमध्ये टाकतं. खिडकी-बटणं नाहीत, कमांड लिहावी लागते, पण एकदा लिहून ठेवली की झालं. नावात सेकंदापर्यंत वेळ आली की दोन सारख्या फाइली शेजारी शेजारी येऊन बसतात आणि नजरेलाच कळतात. फक्त आधी बघून घ्या की कॅमेऱ्याची तारीख बरोबर होती का, जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण उतरली की घड्याळ पहिल्यापासून सुरू व्हायचं, त्यामुळे आमची गोव्याची ट्रिप कुठल्यातरी १ जानेवारीला झालेली दिसते.

आत्ता माझ्या "जाऊद्या" मध्ये नऊ हजार फोटो आहेत आणि न ठरलेल्या ग्रुपची संख्या २१२. ते सगळे आईचे आहेत, म्हणजे तिने बघायचे. गौरी-गणपतीला ती आली की दुपारी आरतीनंतर लॅपटॉप टीव्हीला जोडायचा ठरलंय, आणि त्याआधी यावेळी बाप्पाचा फोटो जरा दुसऱ्या बाजूने काढीन म्हणतोय.